मैदानावर मुली येत नाहीत

सोमवार, १३ मे

आज सकाळी उजाडताच चर्चमागच्या जमिनीवर गेलो आणि मक्याचे वाळलेले बुडखे उपटायला बसलो. थंडी होती, आमच्याकडे ती मेमध्येच सुरू होते. गुडघे दवाने भिजले. मका काढून झाल्यापासून ती जमीन तशीच पडून होती. ऊन टेकडीवरून खाली येईपर्यंत एवढी जागा मोकळी झाली की शिवणकामाची टेप पसरून मला मापे घेता आली. मुलींच्या नेटबॉलसाठी दोन्ही टोकांना निलगिरीचा एकेक वासा पुरला. वर लावायच्या लोखंडी कड्या लोहार उद्या देणार आहे.

हे मनात आले ते मागच्या रविवारी. उपासना संपल्यावर दवाखान्यातल्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गरीब वस्तीतल्या मुली तेरा-चौदा वर्षांच्या झाल्या की खेळणे सोडतात, त्यांचे शरीर वेळेआधीच जड होते, पुढे दुखणी मागे लागतात. मला लगेच मडालो दिसली. मडालो माझ्या बहिणीची मुलगी. बहीण देवाघरी गेली तेव्हापासून आमच्याकडे आहे, आता सोळा वर्षांची. आमच्यात बहिणीच्या मुलांची जबाबदारी आधी मामाची, मग बापाची, आणि मला ती कधी ओझे वाटली नाही. गावी असताना ही मुलगी शेळ्यांच्या पुढे धावायची. आता संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसते, आणि प्रार्थनेत माझे आमेन होण्याआधीच तिची मान कललेली असते. माझी बायको एलुबी म्हणते, वयच तसे आहे. मला वाटते, अंगात सुस्ती शिरली आहे. शरीर हलले की मनही हलेल.

चर्चच्या मंडळीत मी एक वडील, म्हणजे कारभारी ज्येष्ठ, असल्यामुळे तिथल्या पंचांपुढे बोलता आले. अध्यक्ष चिसाले म्हणाले की त्या जमिनीसाठी एक ठेकेदार विचारतो आहे, त्याला सिमेंटचे ठोकळे पाडायचे आहेत. शेवटी ठरले ते असे : जूनच्या दुसऱ्या बुधवारी चार वाजता ते स्वतः येऊन बघतील. मैदानावर मुली असल्या तर जागा मुलींची, नसल्या तर ठोकळ्यांची.

मला भीती वाटत नाही. मुलींना खेळायला जागा मिळाली तर त्या का येणार नाहीत? वेळ रोज चारची ठेवली आहे. शाळा सुटलेली असते आणि माझ्या शिलाई मशीनवरही तेव्हा गिऱ्हाईक नसते.

संध्याकाळी गरम पाणी नेहमीप्रमाणे कुडाच्या न्हाणीत ठेवलेले होते. आंघोळ केली, गुडघ्यांना आराम पडला. देवाचे आभार.

गुरुवार, १६ मे

मंगळवारी सगळ्या आल्या होत्या. सात जणींचा एक संघ झाला आणि वर बघायला आणखी कितीतरी. मडालोच्या हातात चेंडू आला तसा तिने तो छातीशी धरला, जरा वाकली, आणि सरळ कडीतून पार केला. मग हसली. बहिणीच्या दफनानंतर ती असे तोंड उघडून हसलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी घरी मात्र कुरकुर होती. नळाला पाणीच आले नव्हते, मला अर्ध्या तांब्यात तोंड धुवावे लागले. पण मन इतके भरले होते की मी एलुबीला काही बोललो नाही.

काल मात्र तिघीच आल्या. त्याही सारख्या टेकडीखाली बघत होत्या, आपसात काही कुजबुजल्या आणि निघून गेल्या. आज दोघी, त्याही लहान, माझी टेप बघायला आलेल्या. मडालो नाही. विचारले तर म्हणाली, "घरी काम होतं, मामा." कामाची सबब सगळ्यांनाच असते.

रविवार, १९ मे

कारण सापडले असे वाटते. चर्चमधल्या बायकांच्या गटाने निरोप दिला की धावताना मुलींचे गुडघे दिसतात. मुलींनाच लाज वाटत असणार आणि मला सांगता येत नसणार. तर मी गुडघ्याखाली जाणारे घेरदार घागरे शिवणार. दुकानाच्या ओसरीवर आमच्या शिंप्यांच्या रांगेत फाउस्तिनोचे मशीन आहे, त्याच्याकडून उरलेले निळे कापड मागितले. त्याने ते दिले, पण तोंड गप्प राहिले नाही.

"जेरेमाया, यात मुली पळणार की मिरवणूक काढणार?"

मी म्हटले, मर्यादा असली की पायांना बळ येते. तो बराच वेळ हसत होता.

मंगळवार, २८ मे

घागरे झाले. रविवारी वाटले. मुलींनी अंगाला लावून बघितले, एस्नार्टने तर तिथेच गिरकी घेतली. ही एस्नार्ट मडालोची मैत्रीण, आमच्या मागच्या गल्लीतली. सगळ्या म्हणाल्या, छान आहेत.

आज चार वाजता कुणीही नव्हते. मी चेंडू मांडीवर घेऊन बसलो. खालच्या मैदानात मुलगे फुटबॉल खेळत होते, त्यांची धूळ वरपर्यंत येत होती. ते रोज येतात. त्यांना कुणी बोलवावे लागत नाही, घागरे शिवून द्यावे लागत नाहीत. मुलग्यांना प्रभूने जो उत्साह दिला तो मुलींना का दिला नाही? हे लिहिले, आणि लिहून बरे वाटले नाही. पण खोडत नाही.

रविवार, २ जून

आज उपासनेत सूचना द्यायला उभा राहिलो तेव्हा चार शब्द जास्त बोललो. आळस हे पाप हळू पावलांनी येते, शरीर हे देवाचे मंदिर आहे आणि मंदिर रोज झाडावे लागते, असे. बायकांच्या बाकांवर एकमेकींकडे बघणे झाले. मागच्या बाजूला कुणीतरी अंगाभोवती गुंडाळलेल्या चितेंजेचा पदर तोंडाला लावून हसले.

एलुबी घरी येताना माझ्या पुढे पुढे चालत होती. विचारले, बोलणे कसे झाले? म्हणाली, "छान झालं. न्सिमा गार होतोय, जेवायला चला."

दुपारभर विचार केला. कदाचित मुली उपाशी असतील. रिकाम्या पोटी कोण धावेल? एलुबीला म्हटले, उद्यापासून चार वाजता मक्याची पेज करून देत जा, पातेलंभर.

"पाणी लागेल त्याला," ती म्हणाली.

मी म्हटले, मडालो एक बादली जास्त आणेल. तरणी मुलगी आहे, तिला काय.

मंगळवार, ४ जून

आज जे पाहिले ते नीट लिहून ठेवतो.

चार वाजता पेजेचे पातेले मैदानाच्या कडेला ठेवले. लहान पोरे आली आणि पिऊन गेली. मोठी एकही नाही. तेव्हा उठलो आणि दारोदार गेलो. एस्नार्ट घरी नव्हती. तिच्या शेजारची नव्हती. त्यापुढच्या घरातून म्हातारीने नुसता टेकडीखाली हात दाखवला.

खाली नळ आहे. कितीतरी वर्षांत मी तिकडे गेलो नव्हतो. पुरुषाचे तिथे काय काम?

तिथे रांग होती, पण माणसांची नाही, बादल्यांची. पिवळ्या, लाल, काही रंगाचे रिकामे डबे. बादली जागा धरते, पण जिची बादली तिने हाकेच्या अंतरावर राहायचे, पुढची सरकली की आपली सरकवायची. चुकली तर बादली रांगेबाहेर. पाणी दुपारी तीनच्या पुढे कधीतरी येते आणि अंधाराच्या आत कधीही जाते.

माझा सगळा संघ तिथे होता. प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने आवळून केलेला चेंडू बादल्यांच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होता. एस्नार्ट दोन्ही हात डोक्यावर गोल धरून उभी होती आणि मडालो त्या गोलात नेम धरत होती. तिने हात उचलला, आणि कुणीतरी ओरडले, "मडालो, सरकव!" चेंडू टाकून ती धावली, बादली ढकलली, परत आली. मग दुसरीची वेळ. मी उभा होतो तेवढ्यात एकही डाव पुरा झाला नाही.

तिने ढकलली ती आमची निळी बादली होती. कडेला मीच तार बांधलेली.

मला बघून एस्नार्टचे हात खाली आले. नळापाशी दगडावर नागामा आजी बसते, रांगेतली भांडणे तीच मिटवते. ती म्हणाली, "या वडील. आळस बघायला आलात?"

बायका हसल्या. मी परत वर चढलो.

घरी न्हाणीत गरम पाणी ठेवलेले होते. आंघोळ केली. पाणी अंगावर घेताना ते कुठून आले हे प्रथमच मनात आले, आणि तांब्या हातात तसाच राहिला.

गुरुवार, ६ जून

आज मडालो चुलीपाशी एकटी होती तेव्हा जवळ जाऊन बसलो. विचारले, मला सांगितले का नाहीस?

"सांगून काय झालं असतं, मामा? पाणी तर लागतंच."

मग म्हणाली, "नळ कोरडा होता त्या दिवशी आलो होतो की सगळ्या."

फाउस्तिनो काल म्हणत होता की मुलींना वेगळा व्यायाम कशाला, डोक्यावर बादली घेऊन टेकडी चढतात, आणखी काय हवे. ते मी तिला तसेच विचारले. ती लाकूड पुढे सारत विचार करत होती.

"पाणी वाहून दमले की झोप येते. खेळून दमले होते ना, त्या दिवशी भूक लागली होती. मामींना विचारा, किती जेवले ते."

मी म्हटले, बुधवारी चिसाले येणार आहेत.

"माहितीय. आम्हाला नाही जमणार, मामा. तुम्ही उगाच त्यांच्यापुढे शब्द खर्चू नका. जागा गेली तरी ते वासे तेवढे काढून आणा. जळणाला होतील."

तिने हे रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. भाजी संपली आहे असे सांगावे तसे म्हणाली.

सकाळी खेळता येईल का? सकाळी अंगणे झाडायची, भांडी, मग शाळा. शनिवारी ओढ्यावर धुणे. राहिला रविवार. चिसाल्यांना विचारले, उपासनेनंतर खेळल्या तर? त्यांनी मान हलवली, प्रभूचा दिवस. खरे सांगायचे तर माझेही मन तयार नव्हते. पण प्रभूच्या दिवशीसुद्धा माझ्या न्हाणीत पाणी असतेच, हे त्यांच्या घरून निघाल्यावर लक्षात आले.

रविवार, ९ जून

आज पुरुषांच्या बैठकीत विषय काढला. म्हटले, बुधवारी एक दिवस, फक्त संध्याकाळ, आपण कुणीतरी नळावर जाऊ. आपण नाही तर मुलगे जातील. मुली खेळतील.

मग चिसाले मला म्हणाले, "कालिंडे, बायकोनं जेवणात काय घातलं?"

घरात बाई असताना पुरुष पाणी भरायला लागला की आमच्याकडे हेच म्हणतात, बायकोने वशीकरणाची मुळी उगाळून कालवणात घातली, आता हा तिच्या मुठीत. बैठक हसली. हसण्यात वाईट भाव नव्हता, चिसाले मनाने वाईट नाहीत. वाईट वाटते ते एवढेच, की त्यांच्याबरोबर मीही हसलो.

प्रार्थनेत आज काही मागितले नाही. काय करायचे ते मला ठाऊक आहे, मग मागू काय?

सोमवार, १० जून

आज दुपारी मशीनवर फडके टाकले, घरी गेलो आणि निळी बादली उचलली. एलुबी बाजारात होती. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून दुकानाची ओसरी दिसते. फाउस्तिनो आणि इतर सगळे तिथे होते, आणि त्यांच्या समोरूनच खाली उतरावे लागते. मी वाकलो, बादलीची मूठ बघितल्यासारखे केले, आणि परत फिरलो.

मडालो शाळेतून आली होती. मी तिला म्हटले, मूठ सैल झाली आहे, दुरुस्त करावी म्हणत होतो. तिने मूठ दोनदा हलवून बघितली.

"चांगली आहे, मामा," म्हणाली, आणि बादली घेऊन गेली.

मी पन्नाशीला आलो. बापाच्या दफनाला घाबरलो नाही, मंडळीपुढे बोलायला घाबरत नाही. बादलीला घाबरलो.

बुधवार, १२ जून

दुपारी तीनच्या आधीच मशीन बंद केले. ओसरीवरून खाली उतरताना बादली हातात, लोकांच्या बाजूला धरली, लपवली नाही. फाउस्तिनो शिवत होता, त्याचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला तेवढे ऐकू आले.

मुली रांग लावत होत्या. मी मडालोला म्हटले, बादली मी आणली आहे, तू वर जा. तिने आधी माझ्याकडे आणि मग नागामा आजीकडे बघितले.

"एकटी जाऊन काय करू, मामा?"

हा विचार मी केला नव्हता. रात्रंदिवस डोके खाजवले, पण एका बादलीपलीकडे गेलो नव्हतो. एस्नार्ट आणि बाकीच्या आपापल्या बादल्यांपाशी उभ्या होत्या. मी म्हटले, सगळ्या जा, सगळ्यांच्या बादल्या मी सरकवतो.

आजीने दगडावरून काठी उचलली. "तसं चालत नाही. एका माणसाला एक भांडं. नाहीतर उद्या एकेक जण दहा दहा आणून लावेल. घरचं माणूस असेल तरच बादलीला हात लावायचा. तू मडालोचा मामा, तिची सरकव. बाकीच्यांच्या मामांना बोलाव."

मी म्हटले, ते येणार नाहीत.

"मग?"

"आजपासून या सगळ्यांचा मामा मीच."

बायकांमध्ये हसे पिकले. आजी हसली नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितले.

"मामा म्हणवून घ्यायला सोपं आहे, जेरेमाया. मामाला लग्नाची बोलणी करावी लागतात. नवऱ्यानं मारलं तर जाऊन जाब विचारावा लागतो. सातही जणींचं करशील?"

मी म्हटले, करीन. हे मी इतक्या साक्षीदारांसमोर बोललो आहे, तेव्हा इथेही लिहून ठेवतो.

आजीने काठी खाली ठेवली. मुली एकदम चढ चढायला लागल्या, चालत नव्हे, धावत.

सात बादल्या सरकवणे सोपे नाही. पहिली पुढे नेईपर्यंत शेवटच्या बादलीपुढे जागा पडते आणि मागची बाई डोळे वटारते. पाठ धरली. तेवढ्यात फाउस्तिनो मुद्दाम खाली आला. "एलुबीनं मुळी जरा जास्तच उगाळली," म्हणाला. माझे कान तापले. पण माझ्या मागे उभी असलेली एक बाई, तिचे नावही मला माहीत नाही, शांतपणे म्हणाली, "थोडी उरली असेल, तुझ्या बायकोसाठी मागून ने." तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने गेला.

चारच्या सुमारास चिसाले आले, कोट घालून. मला शोधतच आले असावेत.

"कालिंडे, तुम्ही मैदानावर असायला हवं होतं."

"मी तिथे असतो तर मुली इथे असत्या."

त्यांनी रांगेकडे बघितले. मी वाकून निळी बादली सरकवली, मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. ते उभे होते.

"हे किती दिवस चालणार?"

"रोज. जोवर पाणी येतंय तोवर."

ते वर गेले. थोड्या वेळाने वरून ओरडा ऐकू आला, मग टाळ्या, मग परत ओरडा. प्रत्येक वेळी रांगेतल्या बायका वर बघत होत्या. त्यांत या मुलींच्या शेजारणी असणार. एकीने मला विचारले, कोण जिंकतंय. मला काय ठाऊक? मी सगळा वेळ रांगेत होतो, खेळ मला दिसला नाही.

परत जाताना चिसाले नळापाशी थांबले. माझी पहिली बादली तेव्हा भरत होती. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "ठेकेदाराला दुसरी जागा बघायला सांगतो." आणि जरा पुढे जाऊन, मागे न वळता, "त्या उंच मुलीचा नेम चांगला आहे."

मुली उतरल्या तेव्हा उजेड जायला आला होता. घामाने निथळत होत्या आणि सगळ्या एकदमच बोलत होत्या, कुणाचेच नीट समजले नाही. प्रत्येकीने आपली भरलेली बादली उचलली. मडालो निळी बादली घ्यायला वाकली. मी तिचा हात बाजूला केला. तेव्हा नागामा आजी उठली, आपल्या खांद्यावरच्या फडक्याची चुंबळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "मान ताठ ठेव. पायाकडे बघू नकोस," म्हणाली. दोघींनी मिळून बादली वर चढवली.

चढ मला वाटला त्यापेक्षा उभा आहे. पाणी कॉलरमधून पाठीवर उतरत होते. ओसरीसमोरून गेलो, चर्चच्या दारासमोरून गेलो. मडालो रिकाम्या हातांनी माझ्या बाजूने चालत होती आणि हातांचे काय करावे हे तिला समजत नव्हते. घराच्या दारात एलुबी उभी होती. तिने बादली उतरवायला दोन्ही हात पुढे केले. मी म्हटले, राहू दे. आत गेलो आणि पाणी माठात ओतले.